धुळाजीचा एडका

प्रेमाबाईंच्या कोऱ्या चादरीवर दानिएल मास्तरांनी त्यांना न विचारता घराण्याचा वृक्ष काढला, आणि तिथंच त्या दिवसाचं गाडं घसरलं. चादर पाहुण्यांसाठी म्हणून डांबरगोळ्या घालून ट्रंकेत ठेवलेली होती, तिची घडीसुद्धा मोडली नव्हती. मास्तरांनी तिच्यावर काळ्या रंगानं खोड काढलं, खोडावर 'येशुदासबाबा' लिहिलं, फांद्या फोडल्या, पानं काढली आणि सकाळीच ती मंडपात टांगून दिली.

शिरूरच्या मिशन कंपाउंडात दर मे महिन्यात आमच्या घराण्याची उपकारस्तुतीची सभा भरते. पुण्याहून, नगरहून, पार मुंबईहून माणसं येतात, प्रार्थना करतात, जेवतात आणि भांडून जातात. साठ साली मात्र भांडणाला जेवणापर्यंत धीर निघाला नाही.

"काका, माझं पान असं सुकल्यासारखं का दिसतंय?" नगरच्या पुतण्यानं विचारलं.

"हिरवा रंग संपत आला होता रे."

"बरा माझ्याच वेळेला संपला! पुण्याच्यांची पानं बघा कशी तरारलीत."

मास्तरांची मुलगी राहेल मुलींच्या शाळेत शिकवायची. ती चादरीपुढं कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाबा, यात एकही बाई नाही. येशुदासबाबांना काय थेट खोडातून फुटवे आले?"

"वंशावळीची तशी पद्धत असते," मास्तर म्हणाले. ते मिशनच्या शाळेतून आदल्याच वर्षी रिटायर झाले होते आणि पद्धत या शब्दावर त्यांचा फार जीव.

तेवढ्यात प्रेमाबाई स्वयंपाकाच्या चुलीवरून पदरानं तोंड पुसत आल्या. मास्तरांच्या थोरल्या भावाच्या, कैलासवासी म्हणावं तर पाळकसाहेब रागावतील, तेव्हा प्रभूत झोपी गेलेल्या दावीदभाऊंच्या त्या विधवा. घरात सगळ्यांत थोरल्या. चादर बघून त्यांनी आधी तिचा काठ ओळखला, मग नावं वाचली.

"चादर माझी," त्या म्हणाल्या, "आन् चादरीवर मीच नाही. वा भाऊजी! आता धुवायला तरी माझ्याकडं देऊ नका."

मंडप खदखदून हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांना आज भलतीच धाकधूक होती. चादरीच्या डाव्या बाजूला त्यांनी तुटक रेघांनी एक दुसरं खोड काढलं होतं आणि त्यावर लिहिलं होतं, 'धुळाजी'. येशुदासबाबांचा सख्खा थोरला भाऊ. बाबा मूळचे मेंढरं राखणारे, नाव येसू. मोठ्या दुष्काळात थोरल्याबरोबर मेंढरं घेऊन इथं घोडनदीला आले, ख्रिस्ती झाले आणि इथंच राहिले. थोरला धुळाजी पाटसकडं परत गेला. त्यानंतर दोन घरांत ना जाणं ना येणं. मास्तरांनी वर्षभर एस्टीनं फिरून, वस्तीवस्तीवर विचारत धुळाजीचा नातू रखमाजी शोधून काढला होता. चैत्रात त्याच्या घरी जाऊन भाकरी खाऊन आले होते. आणि सगळ्या मंडळीसमोर, चर्चमध्ये उभं राहून, सांगून बसले होते की यंदाच्या सभेला दोन्ही घरं एका पंगतीला बसतील.

लोकांना यात मास्तरांची हौस दिसायची. खरी गोष्ट अशी की दावीदभाऊ गेल्यापासून मास्तरांना भाऊ म्हणायला कुणी उरलं नव्हतं. हे ते कुणाला सांगत नसत. लोकांना ते घराण्याचा यादवांपासूनचा इतिहास सांगत.

*

रखमाजी आला दहाच्या एस्टीनं. डोक्याला तांबडा पटका बांधलेला, मिशा पांढऱ्याधोप, हातात काठी. बरोबर त्याची चुलती बयाबाई. ती पंचाहत्तरीला टेकलेली, कमरेत वाकलेली, पण डोळे असे की चादरीवरचा डाग दारातून दिसावा. धुळाजीची ती धाकटी सून. उन्हानं दोघांच्या ओठांना कोरड पडली होती.

"या, या! सलाम! राम राम!" मास्तरांनी गोंधळून दोन्ही केलं. "राहेल, पाणी आण आधी."

राहेलनं पाण्याचा तांब्या पुढं केला. रखमाजीनं तो बघितला आणि हात मागं घेतला.

"पानी नगं."

"अहो, एवढं ऊन!"

"ऊन हाय. तहान बी हाय. पर नगं."

पाळकसाहेब शेजारीच खुर्चीवर बसले होते. नुकतेच बदलून आलेले, अंगानं बारीक आणि शब्दानं जपून. त्यांचा चेहरा पडला. "बंधू, आता कायदा झाला आहे. शिवाशिव पाळणं—"

"शिवाशिव?" रखमाजी भडकला. "मास्तर चैतात माझ्या ताटाशेजारी बसून जेवलं. इचारा त्यांस्नी! शिवाशिव न्हाई साहेब, एडका हाय."

"एडका?"

"आमचा एडका. चांगला शिंगाळा. बिरोबाला सोडलेला. येसूआज्जानं ह्या घोडनदीत हारवला आन् त्वांड दावलं न्हाई. आमच्या आज्जानं सांगून ठिवलंय, एडका घरला आल्याबिगर त्येच्या घरचं पानी प्यायचं न्हाई. म्या मास्तरांस्नी सांगितलं व्हतं की चैतात!"

सगळ्यांनी मास्तरांकडं बघितलं. चैत्रात त्यांनी ते ऐकलं होतं खरं. पण घराण्याचा इतिहास लिहिताना त्यांनी त्याला 'दंतकथा' ठरवून एका ओळीत निकालात काढलं होतं. दंतकथा काठी टेकत एस्टीनं येईल आणि मंडपात तहानलेली बसेल, हे त्यांच्या पद्धतीत बसत नव्हतं.

"बसा तरी," ते कसंबसं म्हणाले.

"बसतो की. बसायला न्हाई म्हटलं नव्हतं आज्जानं."

*

स्वयंपाकाच्या छपरात प्रेमाबाई वांग्यांच्या रश्शात मीठ टाकत होत्या. मास्तर तिथं येऊन उभे राहिले आणि मध्येमध्ये लुडबुडू लागले.

"वहिनी, काय करू?"

"मला काय विचारता? मेलेली माणसं उकरायला मी सांगितलं होतं? घरचा इतिहास घरात सांगावा, मांडव घालून नाही."

"ती माणसं उपाशी परत गेली तर मी या गावात तोंड दाखवू शकणार नाही."

"तोंडाचं सोडा. तुम्हाला वाईट कशाचं वाटतंय ते मला ठाऊक आहे." प्रेमाबाईंनी डाव खाली ठेवला. आवाज जरा मऊ झाला. "चैत्रात तिकडून आलात तेव्हा आठ दिवस नुसतं रखमाजी असा बसतो, रखमाजी दावीदसारखा खोकतो, हेच चाललं होतं तुमचं."

मास्तर चुलीकडं बघत राहिले.

"बाजारातून नवा एडका आणून दिला तर?" शेवटी ते म्हणाले.

"द्या की."

"तो बिरोबाला कापतील. मी चर्चच्या मंडळीचा नेमलेला वडील. पाळकसाहेब काय म्हणतील?"

"मग पाळकसाहेबांना विचारा. मला वांगी बघू द्या."

मास्तर गेले. प्रेमाबाईंनी डाव उचलला, पण रस्सा हलवला नाही. त्या एडक्याबद्दल त्यांना मास्तरांच्या सगळ्या इतिहासापेक्षा जास्त माहिती होती. लग्न होऊन आल्या तेव्हा येशुदासबाबा अंथरुणाला खिळले होते. त्यांचं हागणंमुतणं काढलं ते या नातसुनेनं. आणि म्हातारा माणूस रात्रंदिवस उशाशी बसणाऱ्या पोरीला जे सांगतो, ते मुलांना सांगत नाही. बाबांनी त्यांच्याकडून वचन घेतलं होतं, कुणाला सांगू नको म्हणून. ते वचन त्यांनी नवरा होता तोवर नवऱ्यापासूनसुद्धा पाळलं.

*

सभा सुरू झाली. गीत झालं, प्रार्थना झाली आणि मास्तर इतिहास सांगायला उठले. त्यांनी देवगिरीच्या यादवांपासून सुरुवात केली. बहामनीपर्यंत येईस्तोवर मुलं पेंगली, निजामशाहीत पुण्याचा पुतण्या विडी ओढायला बाहेर गेला आणि मास्तर भीमेच्या पाण्याबद्दल बोलू लागले तेव्हा रखमाजीनं कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.

"भाऊजी," प्रेमाबाई मागून म्हणाल्या, "येशुदासबाबा जन्मलेत का अजून?"

"आता जन्मतीलच."

"मग जन्मू द्या आणि बसा. भात गार होतोय."

दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे शेवटी बाबांची साक्ष, म्हणजे ते ख्रिस्ती कसे झाले ती गोष्ट, सांगायची ती घरातल्या थोरल्या माणसानं. प्रेमाबाई पुढं आल्या. आज त्यांना सांगायची इच्छा नव्हती, पण मंडळी वाट बघत होती आणि गोष्ट तोंडपाठ होती. दुष्काळ पडला. येसू नावाचा पोरगा मेंढरं घेऊन आला. एक मेंढरू हरवलं. ते शोधत तो मिशनच्या फाटकाशी आला. आत साहेब उपदेश करत होते, तोही हरवलेल्या मेंढराचाच. पोरगा ऐकत बसला, त्याला तारणारा भेटला, तो रडला आणि—

"आणि मेंढरू सापडलं!" सगळा मंडप नेहमीसारखा एका आवाजात म्हणाला. पाळकसाहेबांनी "हालेलूया" म्हटलं.

रखमाजी ताडकन उठला.

"गावलं?"

कुणाला कळेना काय झालं.

"गावलं म्हणता न्हवं? समद्यांनी म्हणलासा. मंग कुठाय? द्या की!"

"बंधू, ते रूपक आहे," पाळकसाहेब म्हणाले.

"रूपक म्हंजी?"

"म्हणजे ते मेंढरू म्हणजे मेंढरू नव्हे. ते मेंढरू म्हणजे येशुदासबाबा. प्रभूला ते सापडले."

"अवो, आज्जा तुमाला गावला ते दिसतंयच! ही एवढी प्रजा बसलीय! म्या एडक्याचं इचारतोय. आमचा एडका रूपक नव्हता. त्येला शिंगं व्हती."

पोरं हसून लोळायला लागली. पाळकसाहेबांनी रुमाल काढून मान पुसली. पुण्याचा पुतण्या विडी टाकून आत आला, त्याला फार दिवसांनी सभेत रस वाटत होता. "त्यांचं बरोबर आहे," तो म्हणाला. "दरवर्षी सापडलं म्हणून ओरडायचं आणि धन्यानं मागितलं की रूपक म्हणायचं!"

"तू गप बस," नगरचा म्हणाला. "पुण्याच्यांना पानं हिरवी मिळाली म्हणून जीभ पण हिरवी झालीय."

"खरं काय झालं ते सांगू का?" रखमाजीचा आवाज चढला. "एडका सायबाच्या बागंत शिरला. कोबी खाल्ला. सायबाच्या खानसाम्यानं धरला आन् नाताळात कापला. येसूआज्जा भ्याला आन् त्या घरात ऱ्हायला. झालं!"

"नाताळात?" पाळकसाहेब दचकले. "म्हणजे ख्रिस्तजन्माच्या मेजवानीत बिरोबाचा—"

"उद्याच्या बाजारात मी नवा एडका घेतो!" मास्तर मध्येच ओरडले. "चांगला, शिंगाळा. रखमाजी, झालं ना?"

"झालं. मंग आत्ता पितो पानी."

"पण मास्तर," पाळकसाहेब घसा खाकरून म्हणाले, "तो एडका मूर्तीपुढं जाणार असेल तर मंडळीचा वडील म्हणून आपल्याला..."

"घेऊन पाळाल का? म्हणजे नुसता पाळायचा," मास्तरांनी रखमाजीकडं वळून गयावया करत विचारलं. "बिरोबाला न देता?"

"द्येवाचा व्हता, द्येवालाच जाणार."

"मेंढी दिली तर चालेल का?"

रखमाजीनं मास्तरांकडं असं बघितलं की मास्तरांची नजर खाली गेली. त्यानं काठी उचलली. "चल काकी. बाराची एस्टी गावंल."

"रखमाजी, असं नका करू," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज फाटला आणि त्यांनी तो लपवला नाही. "बस ना रे. पाणी नको पिऊस, पण बस. मला दुसरा भाऊ नाही."

रखमाजी थबकला. त्यालाही जायचं नव्हतं, हे त्याच्या पाठीवरून दिसत होतं. पण आज्जाचा शब्द होता, आणि शब्द मोडून घरी गेल्यावर पोराबाळांना काय सांगायचं, हे त्याला सुचत नव्हतं. तो तसाच काठीवर रेलून उभा राहिला, ना आत ना बाहेर.

तेव्हा प्रेमाबाई म्हणाल्या, "एडका परत दिला होता."

रखमाजीनं वळून बघितलं.

"बाबांनी दिला होता. मी ऐकलंय त्यांच्या तोंडून." त्यांनी हात पदराला पुसले, ते कोरडेच होते. "नोकरी लागली, चार पैसे जमले, तसा त्यांनी एक एडका घेतला. पहिल्यासारखाच, शिंगाळा. चालत पाटसला गेले. मिशनचा कोट होता अंगात, दारापर्यंत जायला लाज वाटली, म्हणून घरासमोरच्या बाभळीखाली उभे राहिले. भाऊ बघेल, बोलावेल, म्हणून. ऊन उतरेस्तोवर उभे होते. दार उघडलंच नाही. मग एडका ओढत माघारी आले आणि वाटेत कुणालातरी देऊन टाकला."

"खोटं," रखमाजी म्हणाला. "आमच्या घरात कुणी बोललं न्हाई हे."

"खरं हाय ते."

बयाबाई आतापर्यंत एक शब्द बोलली नव्हती. ती बाकावर पाय वर घेऊन बसली होती, तिनं मानसुद्धा वळवली नाही.

"म्या बघितलंय रखमा. नवीच सून व्हते, नाकात शेंबूड. दाराच्या फटीतनं बघितलं. टोपीवाला मानूस आन् एडका. म्या म्हणलं, पाव्हणा आलाय. सासूबाईनं त्वांड दाबलं माझं."

"मंग दार का न्हाई उघडलं आज्जानं?"

"पंच व्हते न्हवं गावात! दार उघडलं असतं तर समद्या घराला वाळीत टाकलं असतं. मामंजी दाराआड बसले व्हते, गुडघ्यात डोकं घालून. रडत व्हते. म्या मोठ्या बाप्याला तसं रडताना पयल्यांदा बघितलं. आन् म्हणत व्हते, एडका कशाला आणलास रं येसू, एडका कुणी मागितला व्हता? घरी येतो म्हण की, मंग बघतो पंचाला."

"आन् पान्याचं?"

"त्यो गेल्यावर रागानं बोलले. त्येच्या घरचं पानी पिऊ नगा म्हणले. एडक्याचं तुमी बाप्यांनी मागनं जोडलं. भाऊ पायजे म्हणायला लाज वाटती, एडका पायजे म्हणायला न्हाई वाटत." बयाबाईनं नाक शिंकरलं. "मामंजींचं रागाचं बोलणं तेवढं जपून ठिवलंत साठ वर्सं. रडल्यालं कुणी इचारलं न्हाई, म्या सांगितलं न्हाई."

रखमाजी हळूच बाकावर टेकला. काठी त्याच्या हातातून निसटून पडली, ती मास्तरांनी उचलून त्याच्या शेजारी ठेवली आणि तिथंच बसले. पुण्याच्या पुतण्याला काहीतरी गमतीचं बोलावंसं वाटलं होतं, पण राहेलनं त्याच्याकडं बघितल्यावर त्यानं विचार बदलला.

"काय वो बाई," रखमाजीनं प्रेमाबाईंना विचारलं. त्याचा आवाज बसला होता. "तुमी त्येंच्या उशाशी व्हता. मरताना आमचं नाव काढलं का कवा?"

प्रेमाबाईंनी एकदा पाळकसाहेबांकडं बघितलं. बाबा प्रभूचं नाव घेत गेले, असं त्यांच्या कबरीजवळ सांगितलं गेलं होतं. तेही प्रेमाबाईंनीच सांगितलं होतं.

"शेवटचे दोन दिवस त्यांना माणसं ओळखू येत नव्हती," त्या म्हणाल्या. "जुने पाळकसाहेब बसले होते, प्रार्थना म्हणा म्हणत होते. बाबा म्हणेनात. ते तोंडानं मेंढरं हाकत होते. हुर्र, हुर्र करत. मध्येच हाक मारायचे, धुळ्या, तू म्होरं हो, पाण्यावर ने त्यांना. मी आलोच मागनं. रात्रभर तेच. पहाटे जाताना पण तेच." त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत. "मला शुद्धीत असताना म्हणाले होते, भावाचं सांगू नको, लोक म्हणतील येशुदासाचं मन फिरलं. म्हणून मी खोटं सांगितलं. पाळकसाहेब, पाप असेल तर माझ्यावर घाला."

पाळकसाहेब उठले. ते काहीतरी वचन सांगतील म्हणून सगळे सावरून बसले. पण त्यांनी फक्त आपली खुर्ची उचलून बयाबाईजवळ नेली आणि तिला म्हणाले, "आजी, बाकाला पाठ नाही. यावर बसा."

छपरातून वांगी करपल्याचा वास आला, तरी प्रेमाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"पानी द्या," रखमाजी म्हणाला.

राहेल धावली. तिनं तांब्या प्रेमाबाईंच्या हातात दिला, प्रेमाबाईंनी रखमाजीच्या. त्यानं मान मागं टाकली आणि एका दमात, मिशा भिजवत, सगळा रिकामा केला. मग धोतराच्या सोग्यानं तोंड पुसून तांब्या परत पुढं धरला.

"ह्यो माझा झाला," तो म्हणाला. "आता आज्जाच्या वाटचा भरा."